वळचणीचा दिवा आधी का गंजतो?

समुद्राजवळच्या घरात दोन सारखे दिवे लावा. एक अंगणातल्या खांबावर, उघड्या पावसात. दुसरा पडवीच्या भिंतीवर, वळचणीखाली, जिथे पागोळीचं पाणीही पोचत नाही. दोन-तीन वर्षांनी पाहिलं, तर अनेकदा आडोशाच्या दिव्याचेच स्क्रू तांबूस झालेले असतात आणि त्याच्याच रंगाला फुगे आलेले असतात. पावसाला आपण शत्रू समजतो, पण इथे नासाडी करतं ते मीठ.

लाट फुटते तेव्हा फेसातले असंख्य बुडबुडे फुटून खाऱ्या पाण्याचे बारीक कण हवेत उडतात. दुपारनंतर खारे वारे सुटले की ते घरांवर येऊन बसतात. मोठे कण लवकर खाली पडतात, म्हणून किनाऱ्यालगतच्या पहिल्या काही शे मीटरांत मिठाचा मारा सर्वांत जास्त असतो. या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की सोडियम क्लोराइड ओलावा खेचून विरघळू लागतं. मॅग्नेशियम क्लोराइडला 33 टक्केही पुरतात आणि कोकणात हवा इतकी कोरडी क्वचितच होते. पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटतं, तेच दिव्याच्या स्क्रूवर जवळजवळ वर्षभर चालू असतं. डोळ्याला न दिसणारा खाऱ्या पाण्याचा पापुद्रा धातूवर कायम राहतो आणि गंजाला तेवढंच हवं असतं.

अंगणातल्या दिव्याचं मीठ पाऊस धुऊन नेतो. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, इतकी धुलाई दुसरं कोण करणार? वळचणीखालचं मीठ मात्र थरावर थर साचत जातं. म्हणून सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे गोडं पाणी. पाऊस सरल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत, महिन्यातून एकदा, मेन स्विच बंद करून आडोशाचे दिवे हलक्या धारेने धुवावेत आणि फडक्याने पुसावेत.

दिवा घेताना आधी त्याचे स्क्रू बघा, कारण घात तिथूनच होतो. बाजारात 'स्टेनलेस' म्हणून मिळतं ते बहुधा 304 जातीचं असतं. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचं पातळ कवच तयार होतं, पण मिठातला क्लोराइड त्या कवचाला बारीक भोकं पाडतो. 316 जातीत 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते ही भोकं पडणं बरंच रोखतं. लोहचुंबक लावून या दोन जाती ओळखता येत नाहीत. बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का वाचा: ए2 म्हणजे 304च्या वर्गातलं, ए4 म्हणजे 316च्या. किनाऱ्यावर ए4 घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

ॲल्युमिनियमच्या दिव्यात पोलादी स्क्रू असेल तर आणखी एक भानगड होते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि स्क्रूभोवती पांढरी पूड जमते. मध्ये नायलॉनचा वॉशर टाकला आणि आट्यांना ग्रीस लावलं की हे पुष्कळ लांबतं.

आता दिव्यावर लिहिलेल्या आयपी या आकड्याबद्दल. धूळ आणि पाणी दिवा किती अडवतो, ते तो सांगतो. आयपी 65 म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार अडते. 66 असेल तर जोरदार धारही अडते. 67 म्हणजे 1 मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी नुकसान होईल इतकं पाणी आत शिरत नाही. पण 67 लिहिलंय म्हणून तो दिवा जोरदार धारेलाही टिकेल असं नाही, आणि यातला एकही आकडा मिठाबद्दल काही सांगत नाही.

शिवाय दिवा श्वास घेतो. समजा आतली हवा 60 अंशांपर्यंत तापली आहे आणि पावसाची सर येऊन दिवा 27 अंशांवर आला. हवा पूर्ण कोंडलेली असेल तर आतला दाब सुमारे 10 टक्क्यांनी पडतो, म्हणजे जवळजवळ 1 मीटर पाण्याच्या दाबाइतका फरक! रबरी गॅस्केट जरा जरी कडक झालं असेल, तर बाहेरचं खारं पाणी आत ओढलं जातं. काचेच्या आत दव दिसतं ते यामुळे. चांगल्या दिव्यात यासाठी हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पातळ पडदा बसवलेला असतो. दुकानदाराला तो मुद्दाम दाखवायला सांगा.

वायरिंगमध्ये सांधे जितके कमी तितकं बरं. नुसत्या टेपने गुंडाळलेल्या सांध्यात तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडतात. कथिलाचा मुलामा दिलेली तार आणि आतून गोंद असलेली, तापवून आवळणारी नळी वापरावी. वायर दिव्यात खालून घ्यावी आणि आधी तिला थोडा झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातच ठिबकून जातं. डेकच्या फळ्यांतले आणि पायऱ्यांचे दिवे 24 व्होल्टवर ठेवून त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज दिव्याला हवी तशी करून देणारी डबी, घरात, कोरड्या जागी बसवावा. 230 व्होल्टच्या बाहेरच्या लाइनीला 30 मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच लाइन तोडणारं स्विच, असायलाच हवं. यात काटकसर नको, ओल्या पायांनी वावरायची जागा आहे ती.

उजेड किती आणि कसला, हा प्रश्न कोकणात फक्त आपल्यापुरता नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी इथल्या पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पिल्लं मेपर्यंत निघत राहतात. वाळू थंडावते तेव्हा, बहुधा रात्री, ती वर येतात आणि क्षितिजाजवळ जिकडे जास्त उजळ तिकडे चालू लागतात. नैसर्गिक किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. मागे पांढरा झोत असेल तर पिल्लं घराकडे वळतात, दमतात, कुत्र्या-खेकड्यांच्या तोंडी जातात. 2002 साली सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने वेळासला घरटी राखायला सुरुवात केली. गावांनी तेव्हापासून घेतलेले कष्ट आपल्या फ्लडलाइटने वाया जावेत, हे मला तरी सहन होत नाही.

पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश असतो आणि त्यावर पिवळा लेप. म्हणून 'वॉर्म' दिव्यातही थोडा निळा उरतोच. कासवांना सर्वांत कमी त्रास 560 नॅनोमीटरच्या पुढच्या प्रकाशाचा होतो, म्हणजे शुद्ध अंबर किंवा लाल एलईडीचा. किडेही अशा उजेडाकडे कमी येतात, हा घरच्यांचा फायदा. समुद्राच्या बाजूला असेच दिवे लावा, गुडघ्याच्या उंचीवर, तोंड खाली करून, वरून झाकलेले. पायरीची कड दिसली की काम झालं.

दिवे पक्के बसवण्याआधी ते तात्पुरते लावून रात्री पुळणीवर जा आणि वळून घराकडे बघा. फळ्यांवर पडलेला मंद उजेड दिसला तर ठीक. दिव्याचा लखलखता ठिपकाच दिसला, तर त्याला पुढून आडोसा करा किंवा जागा बदला.