मोटारसायकल डिटेलिंग : दरआकारणी आणि पूर्वतयारी

मोटारसायकलच्या रंगीत, धातूच्या, रबरी व प्लॅस्टिकच्या भागांची त्या त्या पृष्ठभागाला साजेल अशा द्रव्यांनी केलेली सखोल सफाई, रंगावरील बारीक दोषांची दुरुस्ती आणि शेवटी संरक्षक थर चढवणे, या क्रमबद्ध कामाला डिटेलिंग म्हणतात. शंभर-दीडशे रुपयांत फोम मारून गाडी धुऊन देणारे वॉशिंग सेंटर आणि डिटेलिंगचे दुकान यांच्यातील खरा फरक यंत्रांचा नसून वेळेचा आहे. पहिल्या ठिकाणी अर्ध्या तासात गाडी मोकळी होते. दुसऱ्या ठिकाणी नुसत्या चेनसेटवर आणि चाकांच्या स्पोकवर तेवढा वेळ जातो.

मोटार आकाराने मोठी असली तरी तिचे इंजिन बॉनेटखाली झाकलेले असते. मोटारसायकलचे इंजिन, सायलेन्सर, चेन, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि वायरिंग उघड्यावरच असते. त्यामुळे हातभर अंतरात रंग, क्रोम, कच्चे अ‍ॅल्युमिनियम, रबर आणि काळे प्लॅस्टिक एकत्र येतात आणि यांतल्या एकासाठी वापरलेले द्रव्य शेजारच्या भागाला घातक ठरू शकते. गाडी लहान म्हणून दर कमी असावा, ही ग्राहकाची अपेक्षा येथेच फसते.

नाशिक परिसरात गाडीवर काय साचलेले आहे, हे ती कोठून आली यावरून बरेचसे ओळखता येते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातील गाडीवर काळ्या मातीच्या थराखाली फवारणीचे निळसर डाग असतात; बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातील मोरचूद ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमला खात असल्यामुळे असे डाग इंजिनच्या कव्हरवर जुने झाले की धुऊन जात नाहीत, ते घासूनच काढावे लागतात. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या रंगात लोखंडाचे सूक्ष्म कण रुतलेले आढळतात आणि हाताला तो रंग खरखरीत लागतो. रस्त्यांच्या कामांची सिमेंटमिश्रित धूळ अल्कधर्मी असते. ती पावसात भिजून वाळली की पापुद्रा धरते. पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबक किंवा कसारा घाटाकडे फिरून आलेल्या गाडीच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला चिखल आणि डांबराचे ठिपके दोन्ही सापडतात. दसऱ्याला पूजेत लावलेले हळदकुंकू आणि रंगपंचमीला रहाडीच्या (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाच्या) परिसरातून आणलेला रंग हे वरवर किरकोळ वाटले, तरी फिक्या सीटवर व खरबरीत प्लॅस्टिकवर पक्के बसतात. ते निघतीलच अशी हमी अनुभवी कारागीर देत नाही.

दरआकारणीचा पाया म्हणजे कामाचे तास. समजा, एका दुकानाचे भाडे, दोन कारागिरांचे पगार, वीज, पाणी व यंत्रांची झीज मिळून महिन्याचा खर्च 90,000 रुपये आहे आणि प्रत्यक्ष कामाचे 300 तास हाती लागतात. तर एका तासाचा खर्च 300 रुपये पडतो. रोजच्या वापरातल्या साध्या गाडीला तीन तास व 250 रुपयांचे साहित्य लागले, तर मूळ खर्च 1,150 रुपये होतो. त्यावर 20 टक्के नफा धरून 1,380 आणि 18 टक्के वस्तू व सेवा कर मिळून सुमारे 1,628 रुपये. हेच गणित फेअरिंग (पुढचे व बाजूचे आवरण) असलेल्या, दोन-तीन वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या टूरिंग गाडीला लावले, तर नऊ तास व 800 रुपयांच्या साहित्याने मूळ खर्च 3,500 वर जातो आणि करासह बिल 4,956 रुपयांचे होते. केवळ सेवा देणाऱ्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असल्यास सामान्यतः कराची नोंदणी सक्तीची नसते, म्हणून दोन दुकानांचे दर ताडताना कर धरला आहे की नाही हे आधी विचारावे लागते.

या हिशेबात सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे तासांचा अंदाज, आणि तो गाडी पाहिल्याशिवाय बांधता येत नाही. फोनवर फक्त मॉडेलचे नाव ऐकून सांगितलेला ठाम दर म्हणजे एक तर सरासरीने फुगवलेला आकडा असतो, नाहीतर काम अर्धवट उरकण्याची आधीच केलेली सोय. सिरॅमिक कोटिंगच्या, म्हणजे रंगावर चढवल्या जाणाऱ्या पारदर्शक संरक्षक थराच्या, बाबतीत हे विशेष खरे आहे. ग्राहकाला वाटते की पैसे त्या लहानशा बाटलीचे आहेत. प्रत्यक्षात मोठा वाटा कोटिंगपूर्वीच्या पॉलिशिंगचा असतो, कारण पारदर्शक कठीण थराखाली राहिलेला ओरखडा पुढे तसाच टिकून राहतो. जाहिरातींत मिरवले जाणारे ‘नऊ एच’ हे पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरील माप आहे. दगड उडाला तर टाकीला पोचा पडणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

ग्राहकाने करायची तयारी थोडी असली तरी तिच्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. सामानाच्या बॅगा, मोबाइल होल्डर आणि सीटखालची कागदपत्रे काढून ठेवावीत. एखादा भाग पुन्हा रंगवलेला असल्यास, स्टिकर नंतर चिकटवलेले असल्यास, बाहेरून जादा दिवे किंवा अलार्म जोडलेला असल्यास अथवा पूर्वी एखादे कोटिंग झालेले असल्यास ते आधीच सांगावे. येण्यापूर्वी गाडी पुसू नये. रोज सकाळी कोरड्या फडक्याने टाकीवरची धूळ झटकण्याची सवय घरोघरी असते आणि उन्हात टाकी तिरपी पाहिली की दिसणारी ओरखड्यांची गोल जाळी बहुतांशी त्याच फडक्याची देणगी असते.

कारागिराच्या बाजूने तयारी इंजिन थंड होण्याची वाट पाहण्यापासून सुरू होते. तापलेल्या सायलेन्सरवर व इंजिनवर फेस वाळून डाग धरतो आणि थंड पाण्याच्या एकाएकी माऱ्याने धातूवर ताण येतो. त्यानंतर ग्राहकासमोर टॉर्चच्या उजेडात पाहणी करून जुने पोचे, तुटलेली क्लिप, गंजलेले नटबोल्ट यांची छायाचित्रे व नोंद जॉबकार्डवर घेतली जाते. सायलेन्सरचे तोंड, हवेच्या फिल्टरची वाट, इग्निशनचे कुलूप आणि हँडलवरील स्विच झाकले जातात. प्रेशरचा फवारा चाकाच्या व स्टिअरिंगच्या बेअरिंगवर सरळ मारत नाहीत. रंगाच्या थराची जाडी मोजणारे साधे यंत्र लोखंडी टाकीवर चालते, प्लॅस्टिकच्या पॅनेलवर चालत नाही. तेथे किती घासायचे हा निर्णय कारागिराच्या हातावर सोडावा लागतो आणि पॅनेलच्या कडा, जिथे वरचा पारदर्शक थर सर्वांत पातळ असतो, त्या टेप लावून वाचवाव्या लागतात.

प्रत्यक्ष सफाईत चेनला पहिला मान असतो, कारण तिचे काळे वंगण इतरत्र उडते. ओ-रिंगच्या (सांध्यांत रबरी कड्या असलेल्या) चेनसाठी केरोसीन किंवा खास क्लीनर आणि मऊ ब्रश वापरतात, पेट्रोल टाळतात. चेन साफ करताना चाक हातानेच फिरवायचे असते, इंजिन चालू ठेवून फडके धरण्यात बोटे गेल्याची उदाहरणे आहेत. पुढे डांबरासाठी विद्रावक आणि लोखंडी कणांसाठी विशेष द्रव्य वापरले जाते. हे द्रव्य कणांशी संयोग पावून जांभळे होते आणि चाकांवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. शेवटी क्ले (रुतलेले कण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवून रंग गुळगुळीत करतात. मॅट रंगाला पॉलिश वर्ज्य आहे, कारण घासलेला ठिपका कायमचा चकाकतो. धुलाईच्या पाण्याचाही यात भाग असतो : गंगापूर धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यापेक्षा बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि उन्हात वाळल्यावर क्षारांची वर्तुळे सोडते, म्हणून सावलीत धुऊन ब्लोअरने लगेच वाळवणे श्रेयस्कर ठरते.

ब्रेक डिस्क, टायरचा रस्त्याला टेकणारा भाग, सीट, ग्रिप आणि फूटरेस्ट यांवर मेण किंवा सिलिकॉनयुक्त चमक कोणत्याही कारणाने लावली जात नाही. ग्राहकाने ‘टायर पण चमकवा’ असा आग्रह धरला, तरी फक्त बाजूची भिंत पुसली जाते.

कोटिंगचे वेळापत्रक हवामानावर ठरते. उन्हाळ्यात तापलेल्या टाकीवर द्रव्य पसरण्याआधीच वाळू लागते आणि पुसायला उशीर झाला की धुरकट पट्टे राहतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते बसायला अधिक वेळ घेते. लावल्यानंतर साधारण एक-दोन दिवस पाणी आणि आठवडाभर शांपू टाळण्यास सांगतात. त्यामुळे पावसाळ्यात बंदिस्त जागा नसलेल्या दुकानाने कोटिंगचे काम घेऊ नये, असे या व्यवसायातील जाणकारांचे मत आहे. दसऱ्यापूर्वीच्या आठवड्यात मागणी एकदम वाढते. मात्र कोटिंग करायचे असल्यास गाडी त्याच्या आधीच्या आठवड्यात देणे सोयीचे, म्हणजे पूजेच्या दिवशी तिच्यावर पाणी शिंपडले तरी थर पक्का झालेला असतो. गाडी ताब्यात घेताना जॉबकार्डवरील छायाचित्रे पुन्हा जुळवून पाहावीत, बिलावर वापरलेल्या कोटिंगचे नाव व हमीच्या अटी लिहून घ्याव्यात आणि दुकानाच्या आवारातच दोन्ही ब्रेक हळू वेगात दाबून पाहावेत.