जिमला नाव घालण्याआधी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. हेच गुजरातीत हवं असेल तर काउंटरवर मागा.)

नवरात्र महिनाभरावर आलं की आमच्याकडे नाव घालायला रांग लागते. कुणाला चणियाचोळीत बारीक दिसायचं असतं, कुणाला नऊच्या नऊ रात्री दम न लागता गरबा खेळायचा असतो. दिवाळी उलटली की त्यातले बरेच चेहरे दिसेनासे होतात. मग उत्तरायणाचे पतंग उतरले की पुन्हा नवी माणसं. बडोद्याच्या दांडिया बाजारात जिम चालवताना हे आम्ही दर वर्षी बघतो. वर्षाचे पैसे भरून न येणारा मेंबर जिमवाल्याला परवडतो, कारण यंत्रं झिजत नाहीत आणि गर्दी होत नाही. आम्हाला असला धंदा करायचा नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. आमच्याकडे या किंवा दुसरीकडे जा, पण पैसे आणि उमेद दोन्ही वाया जाऊ नयेत.

जिमच हवी का?

हा प्रश्न आम्हीच विचारतो आहोत याचं नवल वाटून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं प्रमाण साधं आहे. मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची, आणि शिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम द्यावं. पासष्टी ओलांडलेल्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. पहिला भाग कमाटीबागेत भराभर चालून फुकटात होतो. लोक मागे पडतात ते दुसऱ्या भागात, आणि तिथे जिम उपयोगी पडते. घरी जोर-बैठका नेमाने होत असतील तर त्याही चालतील.

बडोद्याला हे नवीन नाही. सयाजीराव महाराजांच्या काळापासून या गावात व्यायामाला मान आहे. वस्ताद जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात शिकलेले जगन्नाथ गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. आमच्या बऱ्याच मेंबरांचे आजोबा तालमीत जाणारे होते. मल्लखांब, लेझीम, कुस्ती यांची ओढ असलेल्या मुलाला आधी आखाडा दाखवा, जिम नंतर. आखाड्यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते: पोरगा दोन दिवस आला नाही की वस्ताद विचारतो. जिम निवडताना हेच शोधा. तुम्ही आला नाहीत हे तिथे कुणाच्या लक्षात येणार आहे का?

आधी रस्ता बघा, मग यंत्रं

लोक पहिल्यांदा येतात तेव्हा एसी बघतात, आरसे बघतात, ट्रेडमिल मोजतात. आमचं म्हणणं असं की आधी रस्ता बघा. घर मांजलपुरात आणि नोकरी अलकापुरीत असेल तर त्या वाटेवरचीच जिम घ्या. एकदा घरी जाऊन चहा झाला, चप्पल काढली, की पुन्हा बाहेर पडणं फार थोड्यांना जमतं. ऑफिसातून येताना थेट जिममध्ये शिरणारे मेंबर जास्त टिकतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. कपड्यांची पिशवी सकाळीच गाडीच्या डिकीत टाका.

मकरपुऱ्याला जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) किंवा कोयलीच्या रिफायनरीत शिफ्टमध्ये काम करत असाल तर बॅचची वेळ बांधून देणारी जिम घेऊ नका. दर आठवड्याला तुमची वेळ बदलणार. कुठल्याही वेळी येऊ देतील अशी तोंडी नाही, पावतीवर कबुली घ्या. रात्रपाळी करून आल्यावर थेट जड वजनं उचलू नयेत. आधी झोप.

बघायला जाल ते तुम्ही रोज येणार त्याच वेळेला जा. दुपारी तीनला प्रत्येक जिम रिकामी आणि छान दिसते. संध्याकाळी सात ते नऊमध्ये जाऊन उभे राहा. एका बेंचसाठी तिघं थांबलेत का, दोन सेटच्या मधल्या वेळात लोक मोबाइल बघत बसतात का, ट्रेनर कुणाकडे बघतोय, हे दहा मिनिटांत कळतं. बायकांनी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली बघितल्याशिवाय पैसे भरू नयेत. खोलीला आतून कडी आहे का, तेवढंही बघा.

एक फेरी, डोळे उघडे ठेवून

केबलवर चालणारं यंत्र असेल तिथे केबल दांड्याला जोडलेली असते ते टोक जवळून बघा. स्टीलच्या बारीक तारा पिळून ही केबल बनते आणि वरून प्लॅस्टिकचं आवरण असतं. झीज सुरू होते ती या टोकाशी आणि पुलीवरून केबल वळते तिथे. आधी आवरणाला चिरा पडतात, मग आतली एखादी तार बाहेर डोकावते. अशी केबल तुटते तेव्हा कुणीतरी भार ओढत असतं, आणि वरून ओढायचा दांडा सुटून थेट डोक्यावर येऊ शकतो. वजनांच्या चळतीत घालायची पिन मूळची आहे का तेही बघा. पिनच्या जागी बोल्ट किंवा जाड खिळा खुपसलेला दिसला तर त्या जिमचा मालक देखभालीला किती पैसे घालतो हे वेगळं विचारायला नको. ट्रेडमिलला दोरी बांधलेली एक चिमटी असते. ती कपड्याला लावायची, म्हणजे पाय घसरला तर पट्टा थांबतो. बऱ्याच ठिकाणी ही चिमटी हरवलेली असते किंवा हँडलला गुंडाळून ठेवलेली असते. आमच्याकडे ती लावल्याशिवाय ट्रेडमिलवर चढू देत नाही आणि याबद्दल मेंबर कुरकुर करतात तरी नियम बदलणार नाही.

बाहेर जायच्या वाटा किती, हे नक्की विचारा. सुरतेत २४ मे २०१९ ला तक्षशिला इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुलं गेली. जिमही पुष्कळदा वरच्या मजल्यावर किंवा तळघरात असते. एकच अरुंद जिना असेल आणि त्यावरही खोकी रचलेली असतील तर तिथून परत फिरा, फी कितीही कमी असली तरी. तळघरातल्या जिममध्ये हवा खेळते का आणि पावसाळ्यात पाणी शिरतं का, हेही विचारून घ्या. विश्वामित्री नदीच्या पुराने काय होतं ते बडोदेकरांना सांगायला नको.

ट्रेनर तुम्हाला काय विचारतो?

चांगला ट्रेनर पहिल्या दिवशी आधी विचारतो, मग सांगतो. रक्तदाब, साखर, जुनी दुखापत, ऑपरेशन, बाळंतपण, झोप, कामाचं स्वरूप. हे न विचारता जो वजनाचा बार हातात देतो त्याच्याकडून शिकू नका. पहिल्याच दिवशी पावडरचा डबा पुढे करणाऱ्यापासून तर चार हात लांब राहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. वजनं उचलणाऱ्याला थोडी जास्त लागतात. डाळी, दही, दूध, पनीर, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी, यांतून बहुतेकांचं भागतं. पावडर घ्यायचीच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक आणि दुकानाची पक्की पावती, दोन्ही हवं. स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा गोळ्या जिममध्ये कुणी देऊ केल्या तर घरी सांगा, डॉक्टरांना सांगा आणि ती जिम त्याच दिवशी सोडा. हृदय, यकृत आणि पुढे मूल होण्याची क्षमता, सगळ्यावर त्यांचा घाला पडतो. विशीतल्या मुलांना हे आम्ही हात जोडून सांगतो.

हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब, चालताना छातीत दुखणं, चक्कर, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम खाली येऊ शकते. खिशात साखरेची पुडी ठेवा आणि ट्रेनरला तसं सांगून ठेवा.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका

हे आम्ही स्वतः जिमवाले असून सांगतो. हिशोब करून बघा. समजा महिन्याचे १५०० आणि वर्षाचे १२००० असतील. वर्षाचं पॅकेज स्वस्त वाटतं, पण तीन महिन्यांनी येणं सुटलं तर तेच महिन्याला ४००० पडले. अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या नोंदी तपासून दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की महिन्याचा ठरावीक आकार भरणारे लोक दर फेरीला सरासरी १७ डॉलरहून जास्त मोजत होते. दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर त्यांना फेरी १० डॉलरला पडली असती. नाव घालताना प्रत्येकाला वाटतं की आपण रोज येणार.

म्हणून पहिले तीन महिने महिन्या-महिन्याने भरा. आमच्याकडे पहिले तीन दिवस ट्रायल असते, तिचे पैसे नाहीत. लग्न, परीक्षा, आजारपण यांसाठी मेंबरशिप थांबवता येते का, पैसे परत मिळतात का, ट्रेनरची फी वेगळी आहे का, हे लेखी घ्या. ‘आजच भरा, उद्या ऑफर नाही’ असं कुणी म्हणालं तर उद्याच जा.

टिकायचं कसं

पहिल्या आठवड्यात उत्साह अंगात मावत नाही आणि नुकसान तिथेच होतं. पहिल्या दिवशी तासभर बैठका मारल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात. ही दुखणी सहसा २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतात आणि मग आपोआप उतरतात, पण नवा माणूस घाबरून येणंच सोडतो. म्हणून पहिले दोन आठवडे आम्ही मुद्दाम कमी करून घेतो. ‘एवढंच?’ असं वाटत घरी जा. सांध्यात टोचणारी, सुजणारी किंवा एकाच बाजूची दुखणी मात्र वेगळी, ती लगेच सांगा.

सवय एकवीस दिवसांत लागते असं सगळे म्हणतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांना घेऊन हे तपासलं, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरतील असं दिसलं, तर कुणाला २५४ लागतील असं. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. महिना झाला तरी कंटाळा येतोय म्हणून स्वतःला आळशी ठरवू नका. याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही दिसलं. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायला जाऊ नका. नेहमीएवढंच करा.

वजनकाट्यावर रोज चढू नका. मिठाने, पाण्याने, पाळीने आकडा किलो-दीड किलो इकडे-तिकडे होतो आणि मन उगाच खट्टू होतं. त्यापेक्षा एक वही ठेवा. तारीख, कुठला व्यायाम, किती वजन, किती वेळा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. आरशात काही दिसण्याआधी वहीत दिसतं. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी सुरुवातीला खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून उठायच्या. त्यांच्या वहीत ट्रेनरने पहिल्या पानावर ‘दोन्ही हात’ असं लिहिलं, पुढे ‘एक हात’, मग ‘हात नाही’. ते पान त्यांनी सुनेला दाखवायला घरी नेलं. त्यांना दुसरं कुठलं ध्येय द्यावं लागलं नाही.

आवडीची गोष्ट फक्त जिममध्ये ऐकायची, ही युक्तीही चालते, पण काही काळच. अमेरिकेतल्या एका प्रयोगात ज्यांना गोष्टींची ऑडिओ पुस्तकं फक्त जिममध्येच ऐकता येत होती ते सुरुवातीला बरेच जास्त वेळा आले. मग नोव्हेंबरची मोठी सुट्टी आली आणि फरक ओसरला. आपल्याकडे ती सुट्टी म्हणजे दिवाळी. सुट्टीआधीच परत यायची तारीख ठरवा, शक्यतो भाऊबीजेनंतरचा पहिला कामाचा दिवस, आणि ती काउंटरवर लिहून द्या. त्या दिवशी नाही आलात तर आम्ही फोन करू. मैत्रीण, भाऊ, शेजारची काकू, कुणी सोबत असेल तर आणखी बरं. दोघांचाही आळस एकाच दिवशी क्वचितच येतो.

नवरात्रात रात्री तीन-तीन तास गरबा होत असेल तर त्या नऊ दिवसांत जिमला सुट्टी घ्या, किंवा दोनदा येऊन फक्त हात-पाठ करा. पाय पुरेसे दमलेले असतात. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की सकाळी सातच्या आत या आणि पाण्याची बाटली भरून आणा. रविवारी सेव-उसळ खाल्ली म्हणून सोमवारी शिक्षा म्हणून ट्रेडमिलवर धावू नका. व्यायाम शिक्षा वाटायला लागला की सुटतो.

मध्येच महिना-दोन महिने खंड पडला तर लाजून दुसरी जिम शोधत बसू नका, तिथेच परत या. पूर्वीच्या निम्म्या वजनावर सुरू करायचं. आमच्याकडे ‘इतके दिवस कुठे होतात?’ असं ट्रेनरने सगळ्यांसमोर विचारायचं नाही, असं आम्ही ठरवून दिलं आहे. कुणी विचारलंच तर आमच्या कानावर घाला.

पहिल्या दिवशी येताना

फक्त जिमसाठीचे स्वच्छ बूट, नॅपकिन, पाण्याची बाटली, चालू औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट असतील तर ते. येण्याआधीच्या दोन तासांत पोटभर जेवू नका, पण उपाशीही येऊ नका, एखादं केळं पुरे. वही आम्ही देतो. दरपत्रक काउंटरवर लावलेलं आहे. त्यापेक्षा वेगळा आकडा कुणी सांगितला तर पैसे न भरता आम्हाला बोलवा.