स्टारचा अर्थ लावतं कोण?

कमांडमध्ये स्टार (*) म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. विंडोजवर ‘कॉपी *.*’ म्हटलं की फोल्डरमधल्या सगळ्या फायली जातात. लिनक्सवर ‘सीपी *.*’ म्हटलं (सीपी ही तिथली कॉपीची कमांड), तर मेकफाईलसारख्या, नावात टिंबच नसलेल्या फायली मागे राहतात. दोन्हीकडे स्टारचा अर्थ लावणारा वेगळा आहे, आणि ही वाटणी पन्नास वर्षं जुनी आहे.

लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्समध्ये हे काम शेलकडे, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे. 1971 च्या पहिल्या आवृत्तीत त्यासाठी ‘ग्लॉब’ नावाचा वेगळा प्रोग्रॅमच होता. 1979 च्या सातव्या आवृत्तीतल्या बोर्न शेलने ते काम स्वतःच्या पोटात घेतलं. सीपीला स्टार कधी दिसतच नाही, दिसते ती तयार नावांची यादी. कुठे कॉपी करायचं ते लिहायला विसरून नुसतं ‘सीपी *.टीएक्सटी’ दाबलं आणि फोल्डरमध्ये अशा दोनच फायली असल्या, तर पहिली निमूटपणे दुसरीवर लिहिली जाते. तिसरी असती तर निदान एरर तरी आली असती! एकही फाईल जुळली नाही, तर बोर्न शेल स्टार तसाच पुढे ढकलतं. सी शेल हे युनिक्सचं दुसरं शेल मात्र तिथेच अडतं.

दुसरं घराणं गॅरी किल्डॉल यांच्या 1974 च्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमचं. तिथे फाईलचं नाव म्हणजे 11 बाइट: 8 नावाचे, 3 एक्स्टेन्शनचे. मधलं टिंब साठवलंच जात नसे. प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर. स्टार टाकला की उरलेल्या जागा प्रश्नचिन्हांनी भरायच्या, म्हणजे ‘*.*’ ही 11 प्रश्नचिन्हं, अर्थात सगळं काही. टिम पॅटर्सन यांनी 1980 मध्ये 86-डॉस ही सिस्टिम लिहिताना हीच पद्धत उचलली आणि तीच एमएस-डॉसमध्ये आली. इथे प्रत्येक कमांड स्वतःच सिस्टिमला ‘पुढची जुळणारी फाईल दे’ म्हणते. म्हणून सगळ्या टीएक्सटी फायलींचं एक्स्टेन्शन एका फटक्यात बदलणारं ‘रेन *.टीएक्सटी *.बाक’ डॉसवर चालतं. युनिक्सची नाव बदलायची कमांड एमव्ही; तिला पहिला नमुना दिसतच नसल्याने ते जमत नाही.

1993 च्या विंडोज एनटीत लांब नावं आली, टिंब हे नावातलं खरंखुरं अक्षर झालं. पण लोकांच्या बोटांना ‘*.*’ची सवय, म्हणून त्याचा अर्थ नुसत्या ‘*’सारखाच ठेवला गेला. जुन्या प्रोग्रॅमसाठी प्रत्येक लांब नावाला 8.3 चं छोटं नावही जोडलं, आणि शोध दोन्ही नावांत होतो. जिथे अशी छोटी नावं आजही बनतात, तिथे ‘*.एचटीएम’ म्हटल्यावर एचटीएमएल फायलीही गळाला लागतात, कारण छोट्या नावात त्यांचं एक्स्टेन्शन तीन अक्षरी ‘एचटीएम’च उरतं. कॉपी करताना हे खपून जातं, डिलीट करताना नाही.