मातीचं वळवट

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत ज्येष्ठांसाठी आठवड्यातून दोनदा मातीकामाचा वर्ग भरतो. सुरुवात गणपतीच्या शाडू कार्यशाळेने झाली. विसर्जनानंतरही मंडळी थांबायला तयार होईनात. गेल्या आठवड्यात त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरला: माती हातावाटे शरीरातली विषद्रव्यं ओढून घेते, सांधेदुखी आणि विसराळूपणा दोन्ही जातात. माझ्या ७५ वर्षांच्या आत्याने विचारलं, "खरं का रे हे?"

नाही. रक्तातली टाकाऊ द्रव्यं बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. असल्या संदेशावर विसंबून कुणी संधिवाताची गोळी बंद केली तर त्यात नुकसानच आहे, म्हणून मी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं. पण मातीत बोटं घातल्यावर खरोखर जे घडतं ते या भाकडकथेपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

चिकणमातीचा कण वाळूसारखा गोटीदार नसतो. तो पत्र्यासारखा चपटा आणि इतका बारीक, की केसाच्या जाडीत असे तीसेक कण सहज शेजारी शेजारी बसतील. दोन पत्र्यांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो. दाबलं की पत्रे एकमेकांवरून सरकतात, हात काढला की तेच पाणी त्यांना नव्या जागी धरून ठेवतं. रबर मूळ आकाराला परततं, पाणी वाहून जातं. माती मात्र ठरावीक दाबापर्यंत हलत नाही, तो ओलांडला की वळते आणि जिथे सोडाल तिथे राहते. तो दाब किती, हे पाण्यावर ठरतं. म्हणून ज्यांची बोटं दुखतात त्यांना सैल माती द्यायची. जोर कमी लागतो.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट ॲटरबर्ग यांनी १९११ च्या सुमारास मातीचा हा गुण मोजायची रीत घालून दिली. आजही सिव्हिल इंजिनिअरिंगची मुलं प्रयोगशाळेत तेच करतात: ओल्या मातीची वात वळायची, आणि ती ३ मिलिमीटर जाडीला येताच तुटू लागली की त्या मातीत पाणी किती आहे ते मोजायचं. ही तिची प्लास्टिक लिमिट. पाणी याहून कमी असेल तर माती वळत नाही, भुगा होतो. हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "अरे, वळवटाचं पीठ असंच तर बघतो आम्ही." लग्नाघरी वळवट, नखुले, गव्हले वळलेल्या पिढीची बोटं ही चाचणी आयुष्यभर करत आली आहेत.

वर्गातल्या पहिल्या पणत्या शेतातल्या काळ्या मातीच्या होत्या, वाळताना तडकल्या. आपली काळी माती बेसॉल्टची झीज होऊन बनली. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट खनिजाचे थर सैल बांधलेले असतात. पाणी थेट थरांच्या मध्ये शिरतं, माती फुगते, सुकताना आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा त्याच. चिनी मातीतल्या केओलिनाइटचे थर हायड्रोजन बंधांनी घट्ट जोडलेले, तिथे पाण्याला आत वाट नाही. कुंभार मातीत राख, लीद, बारीक वाळू मिसळतो ते आक्रसणं कमी व्हावं म्हणून. जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनची खापरं निघाली. इतका जुना आहे हा हिशेब, आणि तो बोटांनीच मांडलेला.

तळहात आणि बोटांच्या आतल्या बाजूला स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० चेतातंतू पोचतात. वयानुसार बोटांच्या टोकांतली हलका स्पर्श ओळखणारी माइस्नर संवेदक कमी होत जातात, आणि वस्तू गरजेपेक्षा जोरात धरली जाते. जोर जास्त झाला की मातीवर खड्डा पडतो. बोटाला नाही कळलं तरी डोळ्याला दिसतं. मला मातीकामाचं मोल इथे वाटतं. अशा वर्गांनी वृद्धांचं मन हलकं झाल्याचे अभ्यास आहेत, पण बहुतेक छोट्या गटांवरचे. त्यावरून स्मृतिभ्रंश बरा होतो असं म्हणणं चूकच.

वर्ग चालवणाऱ्यांना दोन विनंत्या. सुकलेली माती झाडूने झाडू नका, तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसा. आणि नाशिकच्या थंडीत माती कोमट पाण्यात मळा, गार गोळ्याने आखडलेली बोटं आणखी आखडतात.