लांब पल्ल्याच्या घोड्याला लगाम कोणता: कडियाळ्याचा की बिटलेस?

दत्तजयंतीची सारंगखेड्याची जत्रा जवळ आली की आमच्या शहाद्याच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आमना घोडानं तोंड कडक शे.” म्हणजे लगाम ओढला तरी ऐकत नाही. पाठोपाठ जोराचं कडियाळं, म्हणजे लगामाचं तोंडात बसणारं लोखंड, मागितलं जातं. आम्ही ते लगेच काढून देत नाही. आधी घोड्याचं तोंड पाहतो.

पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बिनदाताची हिरडी असते, कडियाळं तिथे बसतं. हाडावर तिथे फक्त पातळ कातडी. मागच्या हिवाळ्यात एक मारवाडी घोडा आला होता, लगाम ओढला की मान वर फेकायचा. उजव्या हिरडीवर करंगळीच्या नखाएवढी जखम निघाली, आणि पहिल्या दाढेपुढे एक बारीक जादा दात, नेमका कडियाळ्याला घासणारा. डॉक्टरांनी तो काढला. जखम भरल्यावर तोच घोडा साध्या कडियाळ्यावर मऊ चालू लागला. म्हणून लगाम बदलण्याआधी दात तपासून घ्या, ही आमची पहिली विनंती.

एन्ड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ल्याची, शर्यत 160 किलोमीटरपर्यंत असते. मधल्या थांब्यांवर घोड्याने पाणी प्यावं, चारा खावा, आणि ठरलेल्या वेळेत नाडीचे ठोके मिनिटाला साधारण 64 पर्यंत उतरावेत, तरच पुढे जाता येतं. तोंडात लोखंड नसेल तर घोडा मोकळेपणाने खातो-पितो. आपल्याकडच्या उन्हात हे फार मोलाचं. शिवाय पन्नासाव्या किलोमीटरला स्वाराचा हात थकतो, नकळत लगामावर लटकतो, आणि तो भार थेट हिरडीवर जातो. एन्ड्युरन्समध्ये बिटलेस, म्हणजे बिनकडियाळ्याचा, लगाम चालतो, त्यामुळे शांत, शिकलेल्या घोड्याला आम्ही साधा साइडपुल सुचवतो. त्याच्या कड्या नाकपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना असतात. जेवढी ओढ, तेवढाच दाब.

दांडीचा हॅकमोर, म्हणजे नाकपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तरफेसारख्या दांड्या असलेला लगाम, मात्र बिटलेस म्हणून सौम्य समजू नका. खालची दांडी वरच्या भागाच्या तिप्पट असेल तर तुमच्या हाताची ओढही जवळपास तिप्पट होऊन नाकावर आणि हनुवटीखाली आवळते. नाकाचं हाड खाली निमुळतं आणि नाजूक होत जातं. बोटाने दाबत खाली या. हाड संपून कूर्चा लागते तिथून चार बोटं वर नाकपट्टा हवा. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, पट्टा खाली घसरला तर धावताना त्याचा दमच कोंडतो.

कळपात बेभान होणारा किंवा तोरणमाळच्या घाटासारख्या उतारावर अंगावर येणारा घोडा असेल, तर दोन सांध्यांचं गुळगुळीत कडियाळं बरं. ते ओठाच्या कोपऱ्यात एक सुरकुती पडेल इतकंच वर घ्या. जाड म्हणजे मऊ, असंही नाही. मारवाडी घोड्याच्या लहान तोंडात जाड कडियाळ्याला जागाच नसते.

काटेरी कडियाळं आम्ही बनवत नाही, विकतही नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी प्राण्यांशी क्रूरता रोखण्याच्या 1965 च्या नियमांनीच त्याला मनाई आहे, आणि स्वारीच्या घोड्याचं तोंड काही वेगळं नसतं.

बिटलेसची सवय आधी कुंपणाच्या आत लावा. वळणं, थांबणं, दोन पावलं मागे येणं जमलं की मगच रस्त्यावर. शर्यतीच्या दिवशी नवा लगाम नको.

घामाने चामडं ताठरतं, शिवण कुजते. रोज घोडा फिरवणाऱ्यांनी बायोथेनचा, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला, पट्टा घ्यावा, पाण्याने धुतला की झालं. कडियाळं स्टेनलेस स्टीलचंच.

दुकानात येताना घोडा आणता आला तर उत्तम. नाहीतर तोंडातून सुतळी आडवी धरून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी गाठ मारून आणा. दोन्हीकडे पाव-पाव इंच जास्त धरून माप आम्ही काढू. नाकपट्ट्यासाठी नाकाचा घेरही मोजून आणा. आठ दिवस वापरून बघा. घासलं, टोचलं, घोडा मान झटकू लागला, तर बदलून देऊ.