महिला दुहेरीचा निकाल वाचण्याआधी मागचं थोडं

आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचा निकाल रात्री उशिरापर्यंत चौकात चघळला जातो, कुस्तीचं तर सांगायलाच नको, पण महिला दुहेरी टेनिसचा निकाल आला की लोकं एक ओळ वाचून पुढं. त्यात शेवटी १०-७ असं दिसलं की हमखास प्रश्न येतो, हा कसला सेट? तर तो सेट नव्हेच, सुपर टायब्रेक. दोन्ही जोड्यांनी एकेक सेट घेतला की टूरवर, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांत, तिसरा सेट खेळवतच नाहीत, आधी दहा पॉइंट करेल ती जोडी जिंकली, फरक किमान दोनचा पायजे, आणि आधीच्या सेटमधल्या गेममध्ये ४०-४० झालं की ॲडव्हांटेज, म्हणजे सलग दोन पॉइंटची अट, नाही, एका पॉइंटवर गेम. मॅच लांबू नयेत आणि सिंगल्सवाल्यांनीही दुहेरीत उतरावं म्हणून हे आलं. ग्रँड स्लॅमला, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांत, मात्र महिला दुहेरीत तिसरा सेट खेळतात.

ह्यानं काय फरक पडतो ते बघा. बार्शीची प्रार्थना ठोंबरे आणि सानिया मिर्झा, २०१४ च्या इंचिऑन एशियाडला सेमीफायनलमध्ये पहिला सेट जिंकल्या, दुसरा गेला आणि सुपर टायब्रेक ४-१० हरल्या, ब्राँझ मिळालं. हीच जोडी २०१६ ला रिओ ऑलिंपिकला चीनच्या जोडीशी पहिल्याच राऊंडला भिडली, तिथं तिसरा सेट पूर्ण होता, ५-७ गेला. निकालात दोन्ही नुसत्या हार, पण प्रकारानं वेगळ्या.

सानिया दुखापतींमुळं २०१३ ला सिंगल्समधून बाहेर पडली आणि दुहेरीवरच राहिली. एप्रिल २०१५ ला दुहेरीत नंबर वन, त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसबरोबर विम्बल्डन, मग यूएस ओपन, २०१६ ला ऑस्ट्रेलियन ओपन, आणि सलग ४१ मॅच जिंकल्या. नेटवरची पाठीमागं बोटांनी खूण करते, सर्व्हिसवाली त्यावर बॉल कुठं टाकायचा ते ठरवते, हे एवढं जमायला सोबत खेळावं लागतं. पण रँकिंगचे पॉइंट जोडीला नाही, ज्याच्या त्याच्या नावावर जमा होतात, म्हणून खालच्या स्पर्धांत जोड्या आठवड्याला बदलतात.

२०२२ ला कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव विम्बल्डनला १४ वर्षांखालच्या स्पर्धेत खेळली, तेव्हा गावानं डोक्यावर घेतलं, लई बरं वाटलं. तेवढंच प्रेम दुहेरीलाही मिळू दे, निकाल टाकताना दोघींची नावं आणि स्कोअर पूर्ण टाका.