कॅलिफोर्निया किनाऱ्यावरील स्कूबा डायव्हिंग आणि सागरी जीवसृष्टी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सुमारे १,३५० किमी. लांबीच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत, मुख्यतः केल्प या तपकिरी शैवलाच्या वनांत आणि खडकाळ तळावर केले जाणारे स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवरील टाकीतील हवेने श्वास घेत मारलेली बुडी. उष्ण कटिबंधातील प्रवाळखडकांवरच्या बुडीपेक्षा ही बुडी वेगळी ठरते ती पाण्याच्या थंडपणामुळे. पाणी थंड असल्याने साधने जड होतात, पाण्याखालचा मुक्काम आखडतो आणि दृश्यताही बेभरवशाची राहते. परंतु येथील जीवसृष्टीची घनता आणि विविधता यांचे मूळही त्याच थंड, पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात आहे.

हा थंडपणा केवळ अक्षांशामुळे आलेला नाही. उत्तर पॅसिफिकमधील चक्राकार अभिसरणाची पूर्वेकडील शाखा, म्हणजे कॅलिफोर्निया प्रवाह, उपध्रुवीय भागातील पाणी किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वाहून आणतो. वसंत ऋतूपासून उन्हाळ्यापर्यंत वायव्येकडून जोराचे वारे वाहतात. वाऱ्याने ढकललेले पृष्ठभागाचे पाणी पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता उजवीकडे, म्हणजे येथे किनाऱ्यापासून दूर, सरकते. त्याची जागा घेण्यासाठी खोलवरचे थंड, नायट्रेटयुक्त पाणी वर येते. या हालचालीची गणिती मीमांसा स्वीडिश शास्त्रज्ञ वाल्फ्रिड एकमन यांनी १९०५ मध्ये मांडली. वर आलेल्या पाण्याला सूर्यप्रकाश मिळाला की वनस्पतिप्लवकांची भरमसाट वाढ होते आणि पाणी हिरवट व गढूळ दिसू लागते. म्हणून मध्य कॅलिफोर्नियात वसंतात समुद्र सर्वांत सुपीक असतो, तरी पाणबुड्याला त्या दिवसांत स्वतःच्या हाताच्या पलीकडचे फारसे दिसत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ दृश्यतेसाठी सामान्यतः उत्तम मानला जातो.

सान्ता बार्बराच्या पश्चिमेस असलेल्या पॉइंट कन्सेप्शन या भूशिरापाशी किनारा एकाएकी पूर्वेकडे वळतो. जुन्या प्राणिभौगोलिक वर्गीकरणांत उत्तरेकडील थंड आणि दक्षिणेकडील उबदार सागरी प्रांतांची सीमा येथेच आखलेली आढळते. अलीकडील अभ्यासकांपैकी काही जण तिला रेषा न मानता रुंद संक्रमणपट्टा मानतात. वेगवेगळ्या जातींच्या वस्तीच्या मर्यादा वेगवेगळ्या ठिकाणी संपतात आणि उष्ण वर्षांत त्या उत्तरेकडे सरकतात, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सान्ता बार्बरासमोरील चॅनेल बेटांच्या समूहात ही सरमिसळ प्रत्यक्ष दिसते. पश्चिम टोकाच्या सान मिगेल बेटाभोवतीचे जीवन मध्य कॅलिफोर्नियाच्या जवळचे आहे, तर पूर्वेकडील अनाकापा बेटाभोवती दक्षिणेकडील जातींचे प्रमाण वाढते.

पाण्याचे तापमान मेंडोसिनो परिसरात साधारणतः ८ ते १२ अंश से. आणि माँटेरे येथे १० ते १५ अंश से. असते. सान डिएगो ते लॉस अँजेलिस या पट्ट्यात ते हिवाळ्यात १३ ते १५ अंशांपर्यंत उतरते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पृष्ठभागी २० अंशांच्या आसपास पोहोचते. ला होया येथील स्क्रिप्स संस्थेच्या धक्क्यावर १९१६ पासून तापमानाची दैनंदिन नोंद ठेवली जाते. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे २५ अंशांच्या वरचे पाणी नोंदले गेले. मात्र पृष्ठभागाच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. दक्षिणेत उन्हाळ्यात कोमट आणि थंड पाण्याचे थर इतके स्पष्ट विलग असतात की काही मीटर खाली उतरताच तापमान पाच-सहा अंशांनी घसरते आणि दोन थरांच्या सीमेवर पाणी थरथरल्यासारखे दिसते. लाटांचेही ऋतुमान आहे. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधील वादळांतून निघालेल्या लांब पल्ल्याच्या लाटा वायव्येकडून येतात, तर उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातील वादळांच्या लाटा दक्षिणाभिमुख किनाऱ्यांवर आदळतात.

किनाऱ्यावरून पाण्यात शिरणे हे येथील कौशल्याचे खरे अंग आहे. कार्मेलच्या दक्षिणेस असलेला मोनॅस्टरी बीच याबाबत कुप्रसिद्ध आहे. तेथे समुद्राखालील दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ सुरू होत असल्याने मोठ्या लाटा वाटेत न मोडता थेट काठावर येऊन कोसळतात. वाळू खडीसारखी जाड आणि उतार तीव्र, त्यामुळे पायाखालची वाळू परतीच्या पाण्याबरोबर घसरते आणि टाकीच्या ओझ्याने पडलेल्या माणसाला उठण्याआधीच पुढची लाट गाठते. बाहेर येताना उभे राहण्याचा प्रयत्न न करता, श्वसनाचे मुखसाधन तोंडात ठेवूनच हातापायांवर रांगत पाण्याच्या रेषेपलीकडे जावे, असा सल्ला अनुभवी पाणबुडे देतात. या किनाऱ्यावर अनेक मृत्यू झाले असल्याने हा सल्ला तंतोतंत पाळणे अगत्याचे आहे. नवशिके सहसा माँटेरे बंदरातील लाटारोधक बांधाच्या आडोशाला प्रशिक्षण घेतात.

थंड पाण्यात तासभर राहणे शक्य झाले ते निओप्रीन या फेसाळ रबराच्या पोशाखामुळे, ज्याला वेटसूट म्हणतात. त्याचा जनक कोण, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. सान फ्रान्सिस्को येथे १९५० च्या दशकाच्या प्रारंभी लाटांवरील क्रीडासाहित्याचे दुकान काढणारे जॅक ओनील आणि रेडोंडो बीच येथील बॉब व बिल माइस्ट्रेल हे जुळे बंधू यांची नावे लोकप्रिय लेखनात वारंवार येतात, आणि दोन्ही उद्योगांच्या यशामुळे ती रूढ झाली. उपलब्ध कागदपत्रे मात्र बर्कली येथील भौतिकीविज्ञ ह्यू ब्रॅडनर यांच्या बाजूने आहेत. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोस येथील अणुबाँब प्रकल्पात काम केलेले ब्रॅडनर नौदलाच्या पाणबुड्यांसाठी उपाय शोधत होते. पोशाख जलरोधक असण्याची गरज नाही, ऊब टिकते ती कापडात अडकलेल्या वायूमुळे, हा मुद्दा त्यांच्या जून १९५१ मधील पत्रव्यवहारात स्पष्ट मांडलेला आढळतो. फेसातील वायूमुळे पाणबुडे सोनारवर, म्हणजे ध्वनीने पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रावर, उमटतील, या शंकेने नौदलाने प्रारंभी या पोशाखाचा स्वीकार केला नाही. ब्रॅडनर व त्यांच्या सहकाऱ्यांना पेटंटही मिळाले नाही. साहजिकच मैदान इतरांना मोकळे राहिले. संकल्पना ब्रॅडनर यांची, तर तिचा प्रसार व सुधारणा ओनील आणि माइस्ट्रेल यांची, अशी विभागणी पुराव्याशी सर्वांत सुसंगत दिसते.

ब्रॅडनर यांच्या या तत्त्वातच पोशाखाची मर्यादाही आहे. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, फेसातील बुडबुडे दबून पोशाख पातळ होतो आणि ऊब व तरणशक्ती दोन्ही घटतात, म्हणजे पाणी सर्वांत थंड असते तेथेच संरक्षण सर्वांत कमी उरते. ७ मिमी. जाडीचा पोशाख व टोपी हा येथील किमान प्रघात आहे; माँटेरेच्या उत्तरेस बरेच जण पाणी आत न शिरू देणारा कोरडा पोशाख पसंत करतात.

स्कूबापूर्वीही या पाण्यात व्यावसायिक बुडी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेन्नोसुके कोदानी यांनी जपानी पाणबुड्यांना कार्मेलजवळील पॉइंट लोबोस येथे आणून अबलोनी या शंखवर्गीय प्राण्याचा व्यवसाय उभारला. श्वास रोखून बुडी मारण्याची त्यांची पद्धत इतक्या थंड पाण्यात टिकली नाही आणि शिरस्त्राण व हवेची नळी असलेला पोशाख वापरात आला. लॉस अँजेलिस काउंटीने १९५४ मध्ये सुरू केलेला प्रशिक्षक-प्रमाणन कार्यक्रम हा अमेरिकेतील नागरी स्कूबा प्रशिक्षणाचा पाया मानला जातो. स्क्रिप्स संस्थेतील कॉनरॅड लिंबॉ यांनी त्याच सुमारास शास्त्रीय बुडीची शिस्त घालून दिली.

येथील परिसंस्थेचा कणा असलेला महाकेल्प, मॅक्रोसिस्टिस पायरिफेरा, वनस्पती नसून शैवल आहे. मुळासारख्या दिसणाऱ्या फांद्यांच्या गुंत्याने तो खडक धरून ठेवतो. अन्नशोषण या गुंत्याचे काम नव्हे, ते संपूर्ण पृष्ठभागाने होते. प्रत्येक पात्याच्या बुडाशी असलेला वायुकोश देठाला उभे धरतो. अनुकूल स्थितीत वाढ दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत जाते आणि पृष्ठभागी पोहोचल्यावर पाती आडवी पसरून छत तयार होते. या छताखाली प्रकाश तिरप्या पट्ट्यांत उतरतो. वर येताना टाकीच्या तोटीत पाते अडकले तर झटापट न करता ते दुमडून मोडायचे असते, कारण ताणाला चिवट असलेले केल्प तीव्र वाक दिल्यास सहज तुटते. उबदार पाण्यात नायट्रेट कमी असल्याने एल निन्योच्या, म्हणजे पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा तापते अशा, वर्षांत, विशेषतः १९८२–८३ आणि १९९७–९८ मध्ये, दक्षिणेकडील केल्पवनांची मोठी हानी झाली. उत्तरेत महाकेल्पाची जागा नेरिओसिस्टिस हा एकाच मोठ्या फुग्याचा, बहुतांशी वर्षायू केल्प घेतो.

दक्षिणेतील सर्वांत ठळक मासा म्हणजे झगझगीत नारिंगी गॅरिबाल्डी, जो १९९५ पासून राज्याचा सागरी मासा आहे. नर खडकाचा तुकडा साफ करून त्यावर केवळ तांबड्या शैवलाची आखूड गादी राखतो आणि उपटलेले तुकडे, तारामासे, अर्चिन (काटेरी, गोलाकार सागरी प्राणी) तोंडाने उचलून दूर टाकतो. मादी शक्यतो अशा घरट्यात अंडी घालते जिथे आधीच ताजी पिवळी अंडी आहेत. रिकाम्या घरट्याच्या नराला पहिली मादी मिळणे म्हणूनच कठीण जाते. अंडी घातल्यावर नर मादीला हाकलतो, कारण ती अंडी खाऊ शकते, आणि पिले बाहेर पडेपर्यंत पाणबुड्याच्या मुखवट्यावरही चाल करून येतो. याच पाण्यात मादी म्हणून जन्मून पुढे नर होणारा शीपहेड मासा, काटेरी शेवंड, पाकट आणि १९८२ पासून संरक्षित असलेला अवाढव्य जायंट सी बास आढळतात. ला होया येथील उथळ पाण्यात उन्हाळ्यात निरुपद्रवी लेपर्ड शार्क थव्याने येतात, तर तेथील दरीच्या काठावर काही वर्षी हिवाळ्याच्या सुमारास माकुलांचे थवे अंडी घालण्यासाठी रात्री वर येतात.

मध्य किनाऱ्यावर रंग माशांपेक्षा खडकांवर अधिक. स्ट्रॉबेरी समुद्रपुष्पांची गुलाबी दाटी, उंच पांढरी मेट्रिडियम समुद्रपुष्पे, कवचहीन रंगीत गोगलगायी आणि कार्मेलच्या सुळक्यांवरील जांभळे, प्रवाळासारखे दिसणारे हायड्रोकोरल यांसाठी पाणबुडे दुरून येतात. सेबॅस्टिस वंशातील रॉकफिश पिलांना जन्म देतात आणि त्यांच्या काही जाती शंभर वर्षांहून अधिक जगतात.

केल्पवन टिकते कशामुळे, हा येथील सर्वांत वादग्रस्त शास्त्रीय प्रश्न आहे. सागरी पाणमांजर अर्चिन खाते, अर्चिन केल्प खातात, म्हणून पाणमांजर असेल तेथे केल्प, हे सूत्र अलास्कातील ॲल्युशन बेटांवरील १९७० च्या दशकातील संशोधनातून आले. फरच्या व्यापाराने कॅलिफोर्नियातील पाणमांजरे संपली असे समजले जात असता १९३८ मध्ये बिग सर येथे त्यांचा एक कळप दिसला; आज त्यांची संख्या सुमारे ३,००० आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात मात्र पाणमांजरांवाचूनही केल्पवने दशकानुदशके टिकली, याचे श्रेय शीपहेड व शेवंडीला दिले जाते. त्यामुळे ॲल्युशनचे सूत्र जसेच्या तसे येथे लावणे बरोबर नाही.

या वादाला २०१३ नंतर वेदनादायक वळण लागले. तारामाशांना गळवून टाकणाऱ्या रोगाने अर्चिनभक्षक सूर्यफूल तारामासा कॅलिफोर्नियातून जवळपास नाहीसा झाला. रोगाचे कारण प्रथम विषाणू मानले गेले, परंतु ते मत पुढे टिकले नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी व्हिब्रिओ गटातील जीवाणूकडे निर्देश केला. त्यातच २०१४–१६ ची सागरी उष्णतेची लाट आली. सोनोमा व मेंडोसिनो किनाऱ्यावरील केल्पाचे ९० टक्क्यांहून अधिक छत नष्ट झाले, जांभळ्या अर्चिनांनी खडक व्यापले आणि उपासमारीने घटलेल्या लाल अबलोनीची हौशी मासेमारी २०१८ मध्ये बंद करावी लागली. भुकेले अर्चिन आतून पोकळ होऊनही वर्षानुवर्षे जगतात. माँटेरे येथील अभ्यासानुसार पाणमांजरे अशा पोकळ अर्चिनांकडे दुर्लक्ष करतात आणि उरलेल्या केल्पातील पुष्ट अर्चिन खातात. म्हणजे ती शिल्लक वन वाचवतात, उजाड खडक पुन्हा हिरवा करत नाहीत. माँटेरेजवळील टँकर्स रीफ येथे २०२१ पासून स्वयंसेवक पाणबुड्यांना हातोडीने अर्चिन मारण्याची मर्यादित परवानगी देण्यात आली. दक्षिणेकडील पांढरी अबलोनी २००१ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या सूचीत आलेली पहिली सागरी अपृष्ठवंशी जाती ठरली.

मोठा पांढरा शार्क सान फ्रान्सिस्कोसमोरील फॅरलॉन बेटांच्या परिसरात आढळतो आणि १९९४ पासून राज्यात संरक्षित आहे. सान्ता क्रूझ बेटाजवळ २ सप्टेंबर २०१९ रोजी कन्सेप्शन या डायव्हिंग नौकेला आग लागून ३४ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर रात्रीचा पहारा, धूरसूचक यंत्रे व बाहेर पडण्याचे मार्ग यांबाबतचे नियम कडक झाले.

पॉइंट लोबोस येथील ७७५ एकर सागरतळ १९६० मध्ये राखीव झाला आणि तेथे आजही पाणबुड्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते. राज्याच्या १९९९ च्या कायद्यानुसार उभारलेले १२४ संरक्षित क्षेत्रांचे जाळे २०१२ मध्ये पूर्ण झाले. त्यात राज्याच्या अखत्यारीतील सुमारे १६ टक्के पाणी येते. सान डिएगोजवळ २००० मध्ये बुडवलेली कॅनडाची युकॉन ही युद्धनौका व लाँग बीचसमोरील तेलमंचांचे खांब ही मानवनिर्मित स्थळेही पाणबुड्यांच्या पसंतीची आहेत. या खांबांभोवतीचे मत्स्योत्पादन असामान्य असल्याचे २०१४ मधील एका अभ्यासाने दाखवले, त्यामुळे निवृत्त मंच पूर्णतः काढावेत की पाण्याखालचा भाग तसाच ठेवावा, याविषयी मतभेद आहेत.